रात्रपाळीची वीज : खात्रीच्या स्वच्छ विजेचे पहिले गिऱ्हाईक कोणी व्हायचे?

तळ्याकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे युनिट आहे. छतावर सौर पॅनेल बसवून काही वर्षे झाली आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा वाजता बाहेर उभे राहवत नाही, पण त्याच उन्हावर माझे निम्म्याहून अधिक माग चालतात. अडचण सूर्यास्तानंतर सुरू होते. माग तीन पाळ्यांत चालतात, आणि संध्याकाळी साडेसहापासून सकाळी साडेसातपर्यंतचे प्रत्येक युनिट ग्रिडमधून, म्हणजे मुख्यतः कोळशातून येते. गेल्या वर्षापासून युरोपातील एक खरेदीदार मागणीपत्रासोबत एक तक्ताही पाठवतो. एक किलो टॉवेलमागे किती वीज आणि किती वाफ लागली, आणि ती कशापासून तयार झाली, हे त्यात भरावे लागते. दिवसपाळीचा रकाना मी अभिमानाने भरतो. रात्रपाळीच्या रकान्याशी लेखणी थांबते.

म्हणून गेले काही महिने मी 'खात्रीच्या स्वच्छ विजे'विषयी मिळेल ते वाचत आहे. ऊन, वारा आणि पाऊस यांच्या लहरीवर अवलंबून नसलेली, हवी तेव्हा मिळणारी, पण कोळसा न जाळता तयार होणारी वीज असा मी तिचा अर्थ घेतो. खोल भूगर्भातील उष्णता, छोट्या अणुभट्ट्या, कित्येक तास किंवा दिवस पुरणारी साठवण, उष्णतेची साठवण अशी अनेक नावे समोर येतात. अमेरिकेत मोठ्या संगणक कंपन्या त्यांच्याशी वीस-वीस वर्षांचे करार करत आहेत. प्रश्न असा की हे सारे सोलापूरसारख्या गावी कधी पोचेल, कोणत्या दराने पोचेल, आणि पोचेपर्यंतच्या पहिल्या चुकांचे पैसे कोण भरेल?

शेवटचा प्रश्न मी अनुभवातून विचारतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी लाकडाच्या तुकड्यांपासून गॅस बनवून त्यावर जनरेटर चालवण्याचे यंत्र घेतले. कल्पना चांगली होती आणि वडिलांचा हेतू त्याहून चांगला होता. वर्षभरात इंजिनात डांबर साचू लागले, पुरवठादाराने धंदा गुंडाळला, आणि सुटे भाग मिळेनासे झाले. यंत्र दीड वर्ष चालले आणि कर्ज सात वर्षे फेडले. नव्या तंत्रज्ञानाचे पहिले गिऱ्हाईक होणे म्हणजे काय, हे आमच्या घराला ठाऊक आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हिशेबी

आपल्या वडिलांचा अनुभव वाचून वाईट वाटले. मी प्रकल्प-कर्जांच्या क्षेत्रात काम करतो. आपण शेवटी विचारलेला प्रश्नच मला या विषयाचा गाभा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

या सर्व तंत्रज्ञानांत एक गोष्ट समान आहे : इंधनाचा खर्च नगण्य, पण उभारणीचा खर्च प्रचंड. त्यामुळे युनिटचा दर यंत्रापेक्षा व्याजावर अधिक ठरतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मेगावॉटला २० कोटी रुपये खर्च आला, प्रकल्प ३० वर्षे चालला आणि वर्षातील ८५ टक्के वेळ पूर्ण क्षमतेने वीज देत राहिला, असे धरू. भांडवल ४ टक्क्यांनी मिळाले, तर केवळ भांडवलाच्या परतफेडीचा भार युनिटमागे सुमारे १.५५ रुपये येतो. तेच यंत्र १२ टक्क्यांच्या भांडवलावर उभारले, तर हा भार सुमारे ३.३३ रुपये होतो. लोखंड, काँक्रीट, अभियंते काहीच बदललेले नाही, तरी हा भार दुपटीहून अधिक झाला. विकसनशील देशांत ऊर्जा प्रकल्पांचे भांडवल विकसित देशांच्या दुपटीहून महाग पडते, हे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सातत्याने मांडत आली आहे. जे तंत्रज्ञान अमेरिकेत 'परवडू लागले' अशी बातमी येते, ते त्याच दिवशी आपल्याकडेही परवडत नाही, त्याचे मोठे कारण हे आहे.

यात दुसरी भर अशी की आपल्याकडे दुपारची सौर वीज इतकी स्वस्त झाली आहे की त्या वेळी कोणीही महागडी वीज घेणार नाही. वरचाच प्रकल्प दुपारी बंद ठेवावा लागून वर्षातील ४० टक्केच चालला, तर १२ टक्क्यांच्या भांडवलावर तोच भार ७ रुपयांवर जातो. जो प्रकल्प रात्रीची गरज भागवण्यासाठी हवा आहे, त्याला दिवसाही काही काम मिळाले पाहिजे, किंवा रात्रीच्या युनिटला रात्रीची किंमत मिळाली पाहिजे.

आता पहिल्या गिऱ्हाइकाविषयी. अमेरिकेतील आयडाहोमध्ये न्यूस्केल कंपनीच्या छोट्या अणुभट्ट्यांचा ४६२ मेगावॉटचा प्रकल्प ठरला होता. त्याचे खरेदीदार होते युटा आणि आसपासच्या राज्यांतील लहान नगरपालिकांचे वीज विभाग, म्हणजे आपल्या बार्शी-पंढरपूरएवढ्या किंवा त्याहूनही लहान गावांचे म्हणा. विजेचा अपेक्षित दर मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला, आणि तोही सरकारी सवलत धरून. पुरेशी गावे करारात उतरेनात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. त्या गावांना मी दोष देणार नाही. पहिल्या प्रकल्पाची जोखीम उचलण्याएवढी त्यांची तिजोरीच नव्हती.

याउलट थ्री माईल आयलंडची बंद पडलेली पहिल्या क्रमांकाची अणुभट्टी पुन्हा सुरू करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे ८३५ मेगावॉटचा २० वर्षांचा करार केला. ज्याच्या एका युनिट विजेतून कित्येक पट किमतीचा माल निघतो, तो चढा दर सोसू शकतो. टॉवेलच्या धंद्यात ते शक्य नाही.

जुना टर्बाइनवाला

मी औष्णिक वीज केंद्रांत पस्तीस वर्षे काम करून निवृत्त झालो. हिशेबी यांचे गणित मान्य आहे, तरी त्यातून 'आपण थांबावे' एवढाच अर्थ निघू नये, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रकल्पाचा खर्च पहिल्या आणि पुढच्या नगांत किती बदलतो, ते कॅनडातील ओंटारियोत पाहावे. डार्लिंग्टन येथे ३०० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्यांना २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, एकूण अंदाज २०.९ अब्ज कॅनेडियन डॉलर. त्यांतील पहिल्या भट्टीला, चौघींसाठी सामायिक असलेली कामे धरून, ७.७ अब्ज लागणार आहेत, आणि उरलेल्या तिघींना सरासरी ४.४ अब्ज. पहिलीचा खर्च रुपयांत मांडला तर मेगावॉटमागे दीडशे कोटींच्या घरात जातो. हा आकडा वाचून कोणीही दचकेल. पण आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये ७०० मेगावॉटच्या दहा स्वदेशी जडपाणी अणुभट्ट्यांना एकत्रित मंजुरी दिली, तेव्हाचा अंदाज १,०५,००० कोटी रुपये, म्हणजे मेगावॉटमागे १५ कोटी होता. त्यात पुढे वाढ होईल हे धरूनही तफावत दहापटीच्या आसपास उरते. तीच रचना पुन्हा पुन्हा बांधणे, कारागीर आणि पुरवठादार टिकवून ठेवणे, यालाच मी स्वस्ताईचे मुख्य कारण मानतो. काक्रापारच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये व्यावसायिक रीतीने सुरू झाल्या, राजस्थानातील सातवी २०२५ मध्ये. संयुक्त अरब अमिरातीने बराकाह येथे कोरियाची एकच रचना चार वेळा बांधली आणि २०२१ ते २०२४ या काळात एकामागून एक चारही सुरू केल्या. अमेरिकेत जॉर्जियातील व्होग्टल येथे मात्र नवी रचना, विस्कटलेली पुरवठा साखळी आणि अर्धवट आराखडे घेऊन काम सुरू झाले. खर्च १४ अब्ज डॉलरवरून ३० अब्जांच्या वर गेला आणि सात वर्षे उशीर झाला.

आता सोलापूरकडे येतो. आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे केंद्र आहे. त्याचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले, म्हणजे केंद्र तरुण आहे आणि ते उद्या बंद होणार नाही. परंतु कोळसा दुरून रेल्वेने येतो, आणि दुपारी सौर विजेला वाट देण्यासाठी अशा केंद्रांना भार कमी करावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांना आधी ५५ टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरता आले पाहिजे. रोजच्या या चढउताराने बॉयलरच्या नळ्यांवर जो ताण येतो, तो मी हाताने पाहिला आहे. तिथली खरी संपत्ती माझ्या मते बॉयलरच्या बाहेर आहे : ४०० केव्हीची जोडणी, उपकेंद्र, जमीन, रेल्वेमार्ग, जलवाहिनी आणि यंत्रे चालवता येणारी हजारभर माणसे. अमेरिकेत वायोमिंगमधील केमरर येथे कोळशाच्या जुन्या केंद्राजवळच टेरापॉवर कंपनी ३४५ मेगावॉटची, पाण्याऐवजी वितळलेल्या सोडियमने थंड होणारी अणुभट्टी उभारत आहे. वितळलेल्या क्षारात उष्णता साठवून गरजेच्या वेळी ती काही तास ५०० मेगावॉटपर्यंत जाऊ शकेल, अशी तिची रचना आहे. आपल्या संध्याकाळच्या मागणीला हे रूप अगदी जुळते. ती भट्टी यशस्वी झाली आणि तिच्या चार-पाच आवृत्त्या निघाल्या, तर सोलापूरच्या केंद्राच्या उत्तर आयुष्यात अशा जागेचा विचार का होऊ नये?

२०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटींची तरतूद जाहीर झाली आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या चालवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. याचा अर्थ देशपातळीवर पहिले गिऱ्हाईक सरकार होऊ पाहत आहे, आणि ते योग्य आहे.

भीमाकाठ

मी मोहोळ तालुक्यातील शेतकरी आहे. टर्बाइनवाले साहेबांनी जलवाहिनीला संपत्ती म्हटले, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पर्यावरण मंत्रालयाचे नव्या औष्णिक केंद्रांसाठीचे प्रमाण मेगावॉट-तासाला ३ घनमीटर पाणी असे आहे. १,३२० मेगावॉट पूर्ण जोमाने वर्षभर चालवले आणि हेच प्रमाण धरले, तर माझ्या हिशेबाने वर्षाला सव्वा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी लागते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यामुळे हा आकडा लहान वाटेल. पण त्यातील निम्म्याहून अधिक साठा मृत आहे, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे येथे सर्वांना माहीत आहे. अणुभट्टीचे वाफेचे तापमान साधारणपणे कमी असते, म्हणून त्याच विजेसाठी तिला थंड करणारे पाणी कोळशाच्या केंद्रापेक्षा अधिक लागते. जी वीज उजनीच्या पाण्यावर चालते, ती दुष्काळात खात्रीची राहत नाही. विजेची खात्री मोजताना पाण्याची खात्री त्याच तक्त्यात धरावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुना टर्बाइनवाला

भीमाकाठ, आपली हरकत योग्य आहे आणि ती मी आधीच लिहायला हवी होती. झारखंडमधील एनटीपीसीच्या उत्तर करणपुरा केंद्रात हवेने थंड होणारे कंडेन्सर (वाफेचे पुन्हा पाणी करणारी यंत्रे) वापरले आहेत, त्याने पाणी बरेच वाचते. मात्र खर्च वाढतो, आणि ४३ अंशांच्या उन्हाळ्यात कार्यक्षमता घटते, म्हणजे सर्वाधिक मागणीच्या वेळीच थोडी वीज कमी मिळते. टेरापॉवरच्या प्रकारातील भट्ट्यांचे तापमान अधिक असल्याने पाण्याचे गणित थोडे सुधारते. तरीही आपल्या जिल्ह्यासाठी पाणी हीच पहिली अट राहील, हे मान्य करतो.

काळा पाषाण

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असे. धागाकर्त्यांनी खोल भूगर्भातील उष्णतेचा उल्लेख केला आहे, त्याविषयी.

या क्षेत्रात नवे घडले आहे ते विहीर खोदण्याच्या पद्धतीत. फर्व्हो कंपनीने तेल-वायू उद्योगातील आडव्या विहिरी आणि खडकाला पाण्याच्या दाबाने भेगा पाडण्याचे तंत्र उष्णतेसाठी वापरले. नेवाडातील तिचा ३.५ मेगावॉटचा पथदर्शी प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला, आणि युटातील केप स्टेशन येथे ५०० मेगावॉटचे नियोजन आहे. त्यातील ३२० मेगावॉट विकत घेण्याचा करार सदर्न कॅलिफोर्निया एडिसनने २०२४ मध्ये केला. पूर्वी अशा विजेसाठी निसर्गाने दिलेली वाफ शोधावी लागे. आता तप्त कोरडा खडकही चालतो, म्हणून जगभर आशा वाढली आहे.

पण सोलापूरसाठी मला खोटी आशा दाखवायची नाही. युटाच्या त्या पट्ट्यात दोन-अडीच किलोमीटर खोलीवर तापमान २०० अंशांच्या घरात जाते. आपल्या पायाखालचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवालेला आहे. किल्लारीला भूकंपानंतर जी संशोधन-विहीर खोदली, तिच्यात बेसाल्टचा थर अवघा ३३८ मीटर भरला आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटी पाया लागला. अशा जुन्या, स्थिर पायात तापमान खोलीनुसार फार हळू वाढते. युटाइतके तापमान गाठायला येथे कितीतरी खोल जावे लागेल, आणि खोलीसोबत विहिरीचा खर्च झपाट्याने वाढतो.

शिवाय भूकंपाचा मुद्दा आहे. दक्षिण कोरियातील पोहांग येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी त्याचा संबंध अशाच प्रकल्पात खडकात दाबलेल्या पाण्याशी जोडला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापुरातील माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवते. किल्लारीपासून इतक्या जवळ असा प्रयोग करण्यापूर्वी लोकांसमोर फार मोकळेपणाने बोलावे लागेल. भारतात या विजेची सुरुवात लडाखच्या पुगा खोऱ्यातच व्हावी. तिथे ओएनजीसीने २०२१ मध्ये करार करून काम हाती घेतले आहे, आणि तिथे वीज नेणे इतके महाग आहे की पहिल्या प्रकल्पाचा चढा दरही तुलनेने परवडेल.

नैरोबीकर

मूळचा सोलापूरचा, साखर पेठेतला. गेली अकरा वर्षे केनियात कापड उद्योगात आहे. विकसनशील देश नेहमी रांगेत शेवटीच उभे असतात, असा सूर या धाग्यात उमटत आहे, म्हणून येथील अनुभव लिहितो.

केनियात नैवाशा तलावाजवळ ओल्कारिया येथे भूऔष्णिक विजेचा पहिला १५ मेगावॉटचा संच १९८१ मध्ये सुरू झाला. आज देशाच्या विजेतील सुमारे ४० टक्के वाटा जमिनीखालच्या वाफेचा आहे. खडकाचे भाग्य हे एक कारण झालेच, पण दुसरे कारण हिशेबी यांच्या प्रश्नाला थेट उत्तर देते. भूऔष्णिक प्रकल्पात सर्वांत घातक पैसा पहिल्या विहिरींचा असतो. विहीर कोरडी निघाली तर ते पैसे बुडाले, आणि हा धोका बँक घेत नाही. केनियाने २००८ मध्ये 'जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी' ही सरकारी कंपनी काढली. विहिरी ती खोदते, वाफ सापडली की ती खाजगी वीज उत्पादकांना विकते. खोदण्याची जोखीम सरकारची, त्यापुढची यंत्रे खाजगी भांडवलाची. पूर्व आफ्रिकेतील इतर देशांसाठी आफ्रिकी संघाने जर्मनीच्या मदतीने २०१२ मध्ये विहिरींच्या जोखमीचा काही भाग उचलणारा निधीही उभारला.

तरीही वाट सरळ नव्हती. मेनेंगाई येथे वाफ सापडूनही खाजगी प्रकल्प कित्येक वर्षे रखडले, कारण वीज घेणारी सरकारी वितरण कंपनी वेळेवर पैसे देईल याची हमी सावकारांना हवी होती. पहिला ३५ मेगावॉटचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. तंत्र तयार, वाफ तयार, खरेदीदार तयार, आणि गाडी अडली ती एका हमीपत्रावर. वितरण कंपन्यांची थकबाकी पाहिलेल्या भारतीय वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती धागाकर्त्यांच्या प्रश्नाची नेमकी उलटी बाजू आहे. केनियात मध्यरात्रीनंतर मागणी इतकी घटते की ओल्कारियाची वाफ कधी कधी हवेत सोडून द्यावी लागते. म्हणून डिसेंबर २०१७ पासून कारखान्यांना रात्रीच्या वाढीव वापरासाठी निम्म्या दराची योजना आली, आणि आमच्या कारखान्याने त्यासाठीच रात्रपाळी वाढवली. सोलापुरात रात्रीच्या स्वच्छ युनिटसाठी लेखणी अडते आणि येथे तेच युनिट वाया जाते.

ऊसपट्टा

माळशिरस भागातील एका साखर कारखान्याच्या सहवीज विभागात काम करतो. थोडक्यात लिहितो. आपल्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. एक टन उसामागे सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, निघतो, आणि तो रात्रीही जळतो. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडे रात्रीची अक्षय वीज आजही आहे, आणि तिचे तंत्र प्रयोगशाळेतले नाही. उणीव हंगामाची आहे. गाळप शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपते आणि उरलेले वर्ष टर्बाइन झाकून ठेवावे लागते. बगॅस साठवला तर ५० टक्के ओलाव्यामुळे कुजतो, आग लागण्याची भीती असते, आणि आता कागद कारखाने व गोळीइंधनवाले चांगला भाव देतात. धागाकर्त्यांच्या तक्त्यातील चार-पाच महिन्यांचा रात्रीचा रकाना मात्र यातून भरता येईल, जर कारखाना ते युनिट थेट एमआयडीसीला ओपन ॲक्सेसने (वितरण कंपनीच्या तारा वापरून परस्पर) विकू शकला तर. वहन आकार (तारांचे भाडे) आणि अधिभार धरून तो दर बसतो का, हे कोणीतरी मांडून दाखवावे.

रंगशाळा

मी प्रोसेस हाऊसमध्ये रंगाई विभाग सांभाळतो. आतापर्यंतची सर्व चर्चा विजेची झाली, परंतु टॉवेलमध्ये वाफेचा खर्च लहान नसतो. ब्लीचिंग, रंगाई आणि सुकवणी सगळी बॉयलरवर चालते, आणि बॉयलर कोळशावर किंवा लाकडावर. खरेदीदाराच्या तक्त्यात वाफेचा रकानाही आहे, असे अण्णांनीच लिहिले आहे. (धागाकर्त्यांना मी ओळखतो, म्हणून अण्णा म्हणतो.)

यासाठी एक तंत्र मला आपल्या गावाला फार जवळचे वाटते : विटांमध्ये उष्णता साठवणे. दिवसा स्वस्त विजेने उष्णता सोसणाऱ्या विटा हजार अंशांच्या वर तापवायच्या, आणि रात्री त्यांतून हवा फिरवून वाफ करायची. रोंडो कंपनीने २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका इथेनॉल कारखान्यात अशी २ मेगावॉट-तासांची साठवण सुरू केली, आणि २०२५ मध्ये त्याच राज्यात १०० मेगावॉट-तासांची. विटा, पोलाद, पंखे आणि तापणाऱ्या तारा एवढाच मुख्य मसाला आहे. दुर्मीळ धातू नाही, किरणोत्सार नाही, पाण्याची जास्तीची गरज नाही. थायलंडच्या एका मोठ्या सिमेंट समूहाशी भागीदारी करून त्या विटा तिथे बनतात, म्हणजे विकसनशील देशातील कारखाना येथे पहिल्या दिवसापासून साखळीत आहे.

हिशेब माझ्या परीने मांडतो. कोमट पाण्यापासून एक टन वाफ करायला साधारण ६९० युनिट उष्णता लागते, गळती धरून ७५० युनिट वीज धरू. कोळसा ७ रुपये किलो, उष्मांक किलोला ४,००० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर त्याच टनाला सुमारे २०० किलो कोळसा, म्हणजे १,४०० रुपये लागतात. याचा अर्थ दुपारची वीज दोन रुपयांच्या खाली मिळाली तरच विटा इंधनाच्या खर्चात कोळशाला गाठतात. आज आमचा दर त्याच्या कितीतरी वर आहे. पण दुपारची सौर वीज काही वेळा नाकारावी लागते, हेही आपण वाचतो. त्या नको असलेल्या युनिटला दोन रुपये देणारे गिऱ्हाईक येथे प्रत्येक प्रोसेस हाऊसमध्ये बसले आहे.

हिशेबी

रंगशाळा यांच्या हिशेबाने मला विचार करायला लावले. केंद्राच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीनुसार १० किलोवॉटहून अधिक मागणीच्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून सौर तासांत किमान २० टक्के स्वस्त दर अपेक्षित आहे. दिशा योग्य आहे, पण विटांसाठी ते पुरेसे नाही. स्वतःचा सौर प्रकल्प थेट विटांना जोडला, ग्रिडला स्पर्शच केला नाही, तर वहन आकार लागणार नाहीत आणि दर बराच खाली येईल. मग प्रश्न जागेचा उरतो, आणि चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडला प्रोसेस हाऊसच्या शेजारी एवढी मोकळी जमीन कोणाकडे आहे, हे मला माहीत नाही.

साठवणीच्या दरांविषयीही लिहायचे राहिले. २०२२ मध्ये सौर ऊर्जा महामंडळाच्या दोन तासांच्या बॅटरी साठवणीच्या निविदेत भाड्याचा दर महिन्याला मेगावॉटमागे १०.८४ लाख रुपये आला होता. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत तो ४.४९ लाखांवर आला, आणि त्यानंतर आणखी खाली गेला. दोन वर्षांत निम्म्याहून कमी. संध्याकाळी सहा ते रात्री दहाची वीज बॅटरीच घेऊन जाईल, असे माझे मत झाले आहे. मध्यरात्रीनंतरचे तास आणि पावसाळ्यातील सलग ढगाळ आठवडे उरतात. अणुभट्टी, पंप-साठवण (पाणी वर चढवून नंतर त्यावर वीज करणे) किंवा शंभर तासांची लोह-हवा बॅटरी यांना आपली किंमत तिथेच सिद्ध करावी लागेल. अण्णांच्या रात्रीचे असे दोन भाग वेगळे मोजले, तर खरी महागडी वीज किती लागते ते कळेल. माझा अंदाज आहे की ती आपल्याला वाटते त्याहून कमी असेल.

नैरोबीकर

हिशेबी यांच्याशी सहमत, एका भेदासह. जमीन एका कारखान्याकडे नसेल, पण औद्योगिक वसाहतीकडे असू शकते. ओल्कारियाजवळ केनजेन कंपनी कारखान्यांना वाफ आणि वीज थेट देणारी औद्योगिक वसाहत उभारू पाहत आहे. सोलापुरात विटांची एक सामायिक साठवण आणि तिच्यातून दहा प्रोसेस हाऊसना नळीने वाफ, असा विचार व्हावा. धागाकर्त्यांच्या वडिलांसारखी एकट्याने जोखीम घेऊ नये, एवढे तरी त्यातून साधेल.

तळ्याकाठचा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या सविस्तर उत्तरांची मला अपेक्षा नव्हती. काळा पाषाण सरांनी भूगर्भाची आशा मोकळेपणाने मोडली, तेही मला उपयोगाचे वाटले. भीमाकाठ यांचा पाण्याचा मुद्दा आमच्या रंगाईलाही तितकाच लागू आहे, आणि तो मी विसरणार नाही.

हिशेबी यांनी सुचवल्याप्रमाणे रात्रीचे दोन भाग मोजायला घेतले आहेत. गेल्या बारा महिन्यांची टीओडी (वेळेनुसार दराची) बिले काढली. संध्याकाळी सहा ते रात्री दहा हा भाग माझ्या रात्रीच्या वापराच्या साधारण एक तृतीयांश भरतो. उरलेल्यात ऑगस्ट आणि सप्टेंबरचे आकडे इतर महिन्यांपेक्षा बरेच अधिक आहेत, कारण नाताळाच्या मागणीचा माल त्याच वेळी काढावा लागतो, आणि त्या दिवसांत दिवसाही छत कमी देते. ऊसपट्टा यांचा हंगाम नेमका त्यानंतर सुरू होतो, त्यामुळे माझे सर्वांत कठीण दोन महिने बगॅसने सुटत नाहीत. हे मला आजवर माहीत नव्हते.

वाफेचे मीटर मात्र आमच्याकडे नाही. बॉयलरला किती लाकूड गेले याची वही आहे, वाफ किती झाली याची नोंद नाही. रंगशाळा, तुम्ही येत्या आठवड्यात एक दिवस काढून प्रोसेस हाऊसला आलात, तर फीड पाण्याच्या टाकीला मीटर बसवून तीन महिने रोजची नोंद ठेवू. शेजारच्या चार युनिटच्या मालकांशी मी बोललो आहे. दोघे त्यांच्याही नोंदी द्यायला तयार आहेत, तिसरे विचार करून सांगतो म्हणाले. आकडे हाती आले की याच धाग्यावर टाकीन.

रंगशाळा

गुरुवारी सकाळी नऊला येतो, अण्णा. मीटर माझ्याकडे एक जुना आहे, तो घेऊन येईन. लाकडाच्या वहीत ओलावा लिहिलेला नसेल, म्हणून येताना ओलावामापकही आणतो, नाहीतर पावसाळ्यातील लाकूड आणि मार्चमधील लाकूड एकाच मापाने मोजले जाईल.